सुतकातला नारळ

शेषेराव गुरुजींच्या दहाव्याला कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. घाटावर जमलेल्या मंडळींनी आधी उन्हाला दोष दिला, मग कावळ्यांना, आणि भुका लागल्या तसा सरळ शेषेरावांना.

"जित्तेपणी कुणाचं ऐकलं न्हाई, आता काय ऐकतोय," त्यांची थोरली बहीण धोंडाबाई पदरानं वारा घेत म्हणाली. मग पिंडाकडं वळून तिनं आवाज मऊ केला. "खा की रं शेषा. तुझ्या पोरीला म्या एकटं पडू देणार न्हाई. तुझ्या छताची गळती काढू. आनखी काय पायजे तुला?"

शेषेरावांना काय पाहिजे होतं ते त्यांच्या मुलीला, वर्षाराणीला, चांगलं ठाऊक होतं. पण ती नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवायची आणि कावळ्याशी बोलणं तिला जमत नव्हतं. ती नुसती हात जोडून उभी राहिली. नदीला पाणी नव्हतं, विधीला लागणारं बादलीभर पाणी टँकरमधून आणलं होतं आणि तेही संपत आलं होतं.

"हितं त्याचा जीवच न्हाई," धोंडाबाईनं शेवटी निकाल दिला. "त्याचा जीव त्या मैदानात हाय. उचला पिंड."

मैदान म्हणजे लातूरच्या ज्या कॉलनीत शेषेराव राहत, तिच्या मधोमध सोडलेली मोकळी जागा. ले-आऊटच्या नकाशावर तिला हिरवा रंग दिलेला होता. प्रत्यक्षात तिथं गाजरगवत होतं, दोन बाभळी होत्या आणि पोरांनी क्रिकेट खेळून घासून काढलेली एक पट्टी होती. या जागेवर देव बसवायचा प्रयत्न गेली तीस वर्षं नेमानं चालू होता. त्याची पद्धत ठरलेली. एखाद्या सकाळी बाभळीखाली शेंदूर फासलेला गोटा उगवायचा आणि त्याच्यापुढं एक नारळ. शेषेराव फिरायला निघायचे, गोटा उचलून रस्त्यातल्या खड्ड्यात टाकायचे, नारळ पिशवीत घालून घरी आणायचे आणि त्याची चटणी करायचे. भरपूर लसूण, लाल तिखट, वरून करडईचं तेल. त्यातली एक वाटी त्यांच्या मित्राला, गुलाम रसूल गादीवाल्यांना, जायची.

"देव कोवळा असतानाच बघावं लागतं," शेषेराव म्हणायचे. "एकदा वर पत्रा आला की मग कुणाच्या बापाला हलत न्हाई."

नाल्यापलीकडच्या मोहल्ल्यातल्या मंडळींनीही तिथं ईदच्या नमाजासाठी शेड मागितली होती. शेषेरावांनी दोन्ही अर्जांवर एकच हरकत लिहिली, फक्त वरचं नाव बदललं. दुसऱ्या हरकतीवर गुलाम रसूलांनीही सही केली आणि त्याबद्दल वर्षभर आपल्याच मशिदीत टोमणे ऐकले.

यामागचं कारण सगळ्या कॉलनीला माहीत होतं आणि सगळी कॉलनी ते विसरली होती. भूकंप झाला त्या वर्षी वर्षाराणी अकरावीसाठी इथंच खोली करून राहिली होती, आणि शेषेराव तिला ज्वारीचं पोतं पोचवायला म्हणून आदल्या संध्याकाळी औश्याकडच्या गावाहून आले होते. म्हणून ते दोघं वाचले. आई आणि धाकटा भाऊ गावी होते. "गावातलं घर दगडाचं होतं," एवढं सांगून शेषेराव थांबत. त्यानंतर कितीतरी दिवस अख्खी कॉलनी या मैदानात झोपली. छताखाली जायला कुणी तयार नव्हतं. गुलाम रसूलांनी दुकानातल्या सगळ्या गाद्या हातगाड्यावर घालून आणल्या आणि गवतावर पसरल्या. पुढं शेषेरावांनी मैदानासमोरच प्लॉट घेतला, एकमजली हलकं घर बांधलं, पुढं मोठं अंगण सोडलं. गावच्या ढिगाऱ्यातून त्यांनी एकच वस्तू आणली होती. घराचा उंबरा. काळा, घडीव, दोघांनी उचलावा असा दगड. तो अंगणात ठेवून संध्याकाळी त्याच्यावर बसत आणि मैदानाकडं बघत.

"देव घरात बसवा," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "पळायला जागा ठेवा."

तर पिंड मैदानात आला. वाऱ्यानं पत्रावळ उडायला लागली, तेव्हा कुणीतरी म्हणालं की खाली काहीतरी जड पाहिजे. तोच दगड आठवला. एका बाजूनं गुलाम रसूलांनी धरला आणि दुसऱ्या बाजूनं शेजारच्या व्यंकटरावांनी. व्यंकटराव हे चार मजली मुलींच्या होस्टेलचे मालक आणि मंदिर समितीचे अध्यक्ष. मंदिर नव्हतं, पण समिती होती, आणि त्यांच्या गाडीच्या काचेवर तिचं नावही होतं.

दगड बाभळीखाली ठेवला. वर्षाराणीनं त्याच्यावर पाणी घातलं, दूध घातलं, काळे तीळ, बुक्का, पांढरी फुलं वाहिली आणि पिंड ठेवला. कावळे बाभळीवर येऊन बसले. खाली मात्र येईनात.

"तू बोल," धोंडाबाई म्हणाली. "त्याला तुझंच ऐकायचंय."

"दादा," वर्षाराणी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल गं. त्याला कमी ऐकू यायचं."

"दादा, मैदान मोकळं ठेवीन."

त्याच क्षणी गुलाम रसूलांनी डोळे पुसायला म्हणून डोक्यावरची काळी छत्री मिटली. कावळा खाली आला. इतिहास शिकवणाऱ्या बाईला छत्री आणि कावळा यांचा संबंध कळत होता. पण शब्द सगळ्यांदेखत गेला होता, आणि तो आपण कावळ्याला दिलेला नाही हेही तिला कळत होतं.

सगळ्यात आधी व्यंकटरावांना हुंदका आला. "ठेवू की, बाळा," ते म्हणाले. "मोकळंच ठेवू."

व्यंकटराव काम असलं की तिला 'बाळा' म्हणत आणि नसलं की 'मॅडम'. त्या गडबडीत वर्षाराणीच्या ते ध्यानात आलं नाही.

माणसं भुकेजली होती आणि दगड जड होता. "उद्या नेऊ," सगळे म्हणाले.

उद्या नीटची परीक्षा होती.

ज्या शहराचा सगळा धंदाच डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांवर चालतो, तिथं त्या सकाळी रस्त्यावर कुणी मोठ्यानं बोलत नाही. व्यंकटरावांच्या होस्टेलातून पोरी खाली उतरल्या. बीडच्या, परभणीच्या, यवतमाळच्या. वर्षभरात त्यांनी लातुरात क्लास, मेस आणि खोली यांपलीकडं काही पाहिलेलं नव्हतं. समोर बाभळीखाली त्यांना दुधानं न्हालेला काळा दगड दिसला. त्यावर फुलं, बुक्का, विझत आलेली उदबत्ती. एक पोरगी थांबली. तिनं हॉल तिकीट दगडाला टेकवलं, मग कपाळाला. तिच्यामागं दुसरी आली. बघता बघता रांग लागली.

वर्षाराणी खिडकीत चहा घेऊन उभी होती. एका पोरीनं चिमूटभर काळे तीळ उचलून हॉल तिकिटाच्या घडीत ठेवले. पोरी रिक्षांत बसून गेल्या. मागं दगडापुढं एक नारळ उरला.

तिनं कप ठेवला, दादांची पिशवी खुंटीवरून काढली आणि निघाली. दारात धोंडाबाई आडवी झाली.

"कुठं?"

"नारळ आणायला."

"सुतक हाय गं माय! देवाच्या नारळाला सुतकात हात लावतीस व्हय?"

"आत्या, तो देव नाही. तो आपला दगड आहे."

"दगड आपला हाय. नारळ त्यांचा हाय. त्यांनी देवाला ठिवलाय."

"मग दगड तरी आणवते."

"आन् त्याच्याम्होरचा नारळ? त्याला वलांडून जाशील? तेरावा होऊ दे. मग काय करायचं ते कर."

वर्षाराणीनं आयुष्यभर आत्याशी वाद घातले होते. त्या दिवशी तिच्याच्यानं झालं नाही. दहा दिवस या बाईनंच तिला दोन घास भरवले होते. तिनं पिशवी परत खुंटीला लावली. दादा गेल्यापासून तिनं केलेली ही पहिली तडजोड होती, आणि फार लहान वाटत होती.

तेराव्याचं जेवण उठलं तेव्हा दगडावर शेंदूर चढलेला होता. चार बल्ल्या रोवल्या होत्या आणि वर पत्रा आला होता.

ती तशीच व्यंकटरावांच्या होस्टेलात गेली. ते काउंटरवर नव्या बॅचच्या ॲडमिशना घेत बसले होते.

"काका, तो आमच्या घराचा उंबरा आहे. त्याच्यावर दादांचा पिंड ठेवला होता."

"मला काय सांगतीस? मीच उचलून आनला की."

"मग हे काय चाललंय?"

व्यंकटरावांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आवाज खाली आणला. "बाळा, माझ्याकडं दीडशे पोरी हायत. त्या समद्या त्या दगडाला हात लावून पेपर देऊन आल्यात. आता तू जर म्हनलीस की त्यो सुतकाचा दगड व्हता, तर? एखादीला आधीच पेपर अवघड गेलेला आसतो. तिनं जिवाचं काही केलं, तर तू जबाबदारी घेतीस का?"

या शहरात अशा बातम्या कशा येतात ते वर्षाराणीला माहीत होतं. तिच्या कॉलेजातली एक पोर तिनं अशीच गमावली होती.

"निकाल लागूपर्यंत दम धर. निकाल लागला की मीच उचलून तुझ्या अंगणात आनून ठिवतो. आन् हां, घराचं काय ठरवलंय? तू तर नांदेडात. बंद घराला वाळवी लागती. मला सांग आधी."

ती नांदेडला परत गेली आणि दर शनिवारी लातूरला येऊ लागली. दर शनिवारी पत्र्याखाली काहीतरी वाढलेलं असायचं. एकदा फरशी, एकदा घंटा, एकदा रंगीत बल्बांची माळ. पोरींनी त्याचं नावही ठेवलं, 'गुणेश्वर'. लोक त्याला पेन वाहू लागले. होस्टेलच्या पाटीवर 'गुणेश्वर मंदिरासमोर' अशी ओळ आली, आणि मागच्या बाजूच्या खोल्यांपेक्षा पुढच्या खोल्यांना मागणी वाढली.

निकाल लागला. होस्टेलातल्या एका पोरीला घवघवीत गुण पडले आणि तिच्या वडिलांनी येऊन दगडाला चांदीचे डोळे बसवले. ज्यांना गुण पडले नाहीत त्या पोरी सामान बांधून आपापल्या गावी गेल्या. त्यामुळं देवाच्या विरोधात बोलायला कॉलनीत कुणी उरलंच नाही.

"काका, निकाल लागला," वर्षाराणी म्हणाली.

"लागला ना! बघितलंस का? पावला," व्यंकटराव म्हणाले. "आता कसा हलवू, मॅडम? आता तर त्याला डोळे आले."

याच सुमाराला दहाव्याचा एक फोटो मोबाइलवरून फिरायला लागला. फोटोत गुलाम रसूल आणि व्यंकटराव दगड उचलून आणत होते. कुणीतरी व्यंकटरावांना कापून टाकलं आणि उरलेला फोटो सगळीकडं पाठवला. कॉलनीत बोलणं सुरू झालं की देवाला परक्याचा हात लागला. मोहल्ल्यात सुरू झालं की गुलाम रसूल म्हातारपणी देऊळ बांधायला लागला. दोन्हीकडं शांतता राहावी म्हणून पोलिसांनी बैठक घेतली. बैठकीत ठरलं की गुलाम रसूल हे ऐक्याचं प्रतीक आहेत, आणि त्यांना शाल आणि नारळ देण्यात आला.

पुढच्या शनिवारी ते ती शाल घडी करून घेऊन आले आणि अंगणात, जिथं पूर्वी दगड होता तिथं, खुर्ची टाकून बसले.

"चाचा, नारळ?" वर्षाराणीनं विचारलं.

"तिथंच ठेवून आलो. तुझे दादा न्हाईत, मी एकटा चटणी खाऊन काय करू?" त्यांनी शालीवरून हात फिरवला. "शाल लई चांगली हाय, बेटा. पन आता हिकडचे लोक म्हनतात, चाचा, तुम्ही मोठे आदमी, तुमच्याकडून गादी कशी शिवून घ्यावी? आन् तिकडचे काही न म्हनताच दुसऱ्या दुकानात जाऊन राहिले. चाळीस वर्ष झाले मी कापूस पिंजून राहिलो. प्रतीक कधी झालो न्हवतो."

"माझ्यामुळं झालं."

"न्हाई गं. माझ्या छत्रीमुळं झालं," ते म्हणाले, आणि दोघांना त्या महिन्यात पहिल्यांदा हसू आलं. ते फार टिकलं नाही.

शेषेरावांची जुनी हरकत अजून कचेरीत जिवंत होती. तिची सुनावणी लागली. साहेबांचं नाव लिंबाजीराव. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला आला होता आणि तिथपर्यंत कुणाच्या भावना दुखावू नयेत एवढीच त्याची इच्छा होती.

"हरकतदार शेषेराव हजर आहेत?"

"ते वारले," वर्षाराणी म्हणाली. "मी त्यांची मुलगी. वारस म्हणून हरकत मला पुढं चालवायची आहे. ती जागा ले-आऊटमध्ये मोकळी दाखवली आहे. तिथं कुणाचंच बांधकाम नको. देवळाचं नको आणि शेडचंही नको."

लिंबाजीरावांनी एक फोटो तिच्यापुढं सरकवला. त्यात ती होती. दगडावर दूध घालताना, मान खाली, डोळे मिटलेले. "या तुम्हीच ना?"

"हो. पण तो दहावा होता."

"दहावा असू द्या की बारसं असू द्या, मॅडम, दूध तुम्ही घालताय. दगड तुमच्या घरचा. समितीनं तर लिहून दिलंय, संस्थापक कै. शेषेराव गुरुजी."

"माझे वडील? ते आयुष्यभर नारळांची चटणी करत होते!"

लिंबाजीरावांनी लिहिणाऱ्या कारकुनाला हातानं थांबवलं. "हे लिहू नका," ते म्हणाले. मग तिच्याकडं वळून, खरोखर कळवळून बोलले, "तुम्हीच सांगा, संस्थापकाच्या लेकीनंच हरकत घेतली असा शेरा मी कसा मारू? वरचे मला येड्यात काढतील."

तिला बाहेर बसायला सांगितलं. आत व्यंकटराव गेले आणि मोहल्ल्याकडून शेड मागणारा जीशान गेला. जीशान हा गुलाम रसूलांचाच पुतण्या. दोघं एकमेकांवर चढ्या आवाजात ओरडताना ऐकू आले, मग आवाज उतरले, मग चहा आत गेला. बाहेर आले तेव्हा दोघं हसत होते. ते मैदान निम्मं निम्मं वाटून घेणार होते. मधून भिंत, पूर्वेला देऊळ, पश्चिमेला शेड, दोन्हीकडं लोखंडी गेट. तीस वर्षांत या जागेवर दोन्ही बाजूंचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि त्याच्या आड येणारी एकटी वर्षाराणी होती. तिला लेखी निकाल हवा होता. "कशाला लेखी?" लिंबाजीराव म्हणाले. "आपसात मिटलंय."

बाभळी तुटल्या. भिंत उठली. देवळाच्या गेटवर कमान आली आणि कमानीवर सोनेरी अक्षरं, 'कै. शेषेराव गुरुजी प्रवेशद्वार'. दानपेटी फुटू नये म्हणून सकाळची आरती झाली की या गेटला कुलूप लागायचं. शेडच्या गेटला लागायचं, कारण देवळाच्या गेटला लागत होतं. क्रिकेट खेळणारी पोरं रस्त्यावर खेळू लागली आणि काचा फुटतात म्हणून तिथूनही हाकलली गेली.

धोंडाबाई एकदा गावाहून येऊन कमान बघून गेली. तिला वाचता येत नव्हतं. वर्षाराणीनं वाचून दाखवलं.

"नाव तर झालं गं त्याचं," आत्या म्हणाली. मग तिनं गजांना धरून आत बघितलं. "माझ्या भावजयीचा उंबरा हाय त्यो. नवी नवरी व्हऊन आली तवा त्याच्यावर माप वलांडलं व्हतं तिनं. डोळे कशाला लावलेत मेल्यांनी त्याला?"

सुतक पाळायला लावल्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. वर्षाराणीनंही विचारलं नाही.

आखाडातल्या एका शनिवारी, सकाळी चहा गाळताना, वर्षाराणीला स्टीलच्या ताटांचा आवाज आला. मांडणीतली ताटं आपोआप वाजत होती. तिचे पाय डोक्याच्या आधी अंगणात पोचले.

व्यंकटरावांच्या होस्टेलातून पोरी उतरत होत्या. ओल्या केसांनी, हातात ब्रश, पायांत चपला नाहीत. शेजारच्या होस्टेलातून उतरत होत्या, त्याच्या पलीकडच्या अभ्यासिकेतून पोरं येत होती. सगळे आपोआप मैदानाकडं धावले आणि गेटवर आदळले. गेटला कुलूप होतं. किल्ली व्यंकटरावांच्या कंबरेला होती, आणि व्यंकटराव धर्माबादला भाच्याच्या घरी बारशाला गेले होते. लोंढा वळून शेडच्या गेटकडं गेला. तिथं जीशान बनियनवर उभा होता. त्याची किल्ली वर तिसऱ्या मजल्यावर राहिली होती, आणि वर जायला तो तयार नव्हता.

मग ती सगळी गर्दी दोन्ही बाजूंच्या चार-चार मजल्यांच्या मधल्या बोळात अडकून उभी राहिली. वर गच्चीवरच्या टाक्यांतलं पाणी हिंदकळून खाली पडत होतं. कुणीतरी गजांमधून हात घालून गुणेश्वराला नमस्कार करत होतं. कमानीवरची सोनेरी अक्षरं उन्हात चमकत होती.

"इकडं या!" वर्षाराणी ओरडली. असा आवाज तिनं वर्गात कधी काढला नव्हता. "तिथं थांबू नका! इकडं, अंगणात!"

तिनं फाटक उघडलं, पण तिला ते पुरतं उघडायची गरजच पडली नाही. गर्दीच्या रेट्यानं ते बिजागरीतून निखळलं आणि बाजूला पडलं. अंगण भरलं, तुळशीपर्यंत भरलं, मागच्या न्हाणीपर्यंत भरलं. शेवटी जीशान आला आणि भिंतीला चिकटून, मान खाली घालून उभा राहिला.

पुन्हा हादरा आला नाही. कुठं काही पडलं नाही, होस्टेलच्या जिन्याला एक बारीक चीर गेली तेवढी. पण पोरी वर जायला तयार होईनात. ऊन चढल्यावर गुलाम रसूल आले. त्यांच्याबरोबर हातगाडा होता आणि त्यावर दुकानातल्या गाद्या. त्यांनी त्या अंगणात पसरल्या आणि छत्री उघडून बाजूला बसले.

एका पोरीनं विचारलं, "मावशी, हे घर कुणाचं आहे?"

"माझ्या वडिलांचं."

"काय नाव त्यांचं?"

वर्षाराणीनं समोरच्या कमानीकडं हात केला. पोरीनं नाव वाचलं, खालचं कुलूप बघितलं, पुन्हा नाव वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोरी आपापल्या खोल्यांत परतल्या होत्या. वर्षाराणीनं दार उघडलं तर या घराच्या उंबऱ्यावर एक नारळ ठेवलेला होता. शेजारी विझलेली उदबत्ती आणि एक निळं पेन. सुतक फिटून महिने झाले होते, आणि दारात आडवं यायला आत्या नव्हती.

उदबत्तीची राख तिनं झाडून काढली. पेन पर्समध्ये टाकलं. नारळ आत नेला, फोडला, खवला. लसूण सोलला. तिखट दादांच्याच डब्यातलं होतं. खलबत्त्याचा आवाज ऐकून गुलाम रसूल न बोलावता आले आणि आपली वाटी घेऊन बसले. तिनं भाकरी टाकल्या.

दोघं अंगणात जेवत होते, तेवढ्यात व्यंकटराव आले. धर्माबादहून थेट आले असावेत, कारण खांद्यावर बारशातला टॉवेल होता. पडलेल्या फाटकाला वळसा घालून ते अंगणात शिरले, चपला काढल्या आणि जागेला हात जोडले.

"ऐकलं समदं, बाळा," ते म्हणाले. "माझ्या दीडशे पोरी या अंगणात वाचल्या. जागेतच काहीतरी हाय. मी म्हनतो, घर इकू नको. आपन हितं एक छोटंसं..." त्यांनी उंबऱ्याकडं बघितलं. मग पायरीच्या दोन्ही बाजूंना बघितलं. "पोरींनी हितं एक नारळ ठिवला व्हता म्हनं?"

"आधी जेवा, काका," वर्षाराणी म्हणाली. "प्रवासातून आलात."

तिनं ताट पुढं केलं. व्यंकटराव भुकेलेले होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला. त्यांचे डोळे मिटले.

"झकास! शेषेरावाच्या हातची चव हाय ही. कशाची केलीस?"

"खोबऱ्याची."

व्यंकटराव चावत राहिले. मग हळू चावू लागले. त्यांनी गुलाम रसूलांकडं बघितलं. गुलाम रसूल आपल्या वाटीत बघत होते. उघड्या दारातून दिसणाऱ्या चुलीच्या ओट्यावर दोन करवंट्या पालथ्या पडल्या होत्या. घास गिळावा की थुंकावा हे न कळून व्यंकटराव गाल फुगवून तसेच बसले.

वर्षाराणीनं त्यांच्या ताटात अजून एक चमचा चटणी वाढली.

"घ्या काका," ती म्हणाली. "कोवळा होता."